टीएसएच वाढलाय म्हणजे थायरॉईड कमी?? डोकं गरगरतंय, कोणीतरी समजावून सांगा

गोंधळ_माजलाय

मंडळी नमस्कार. आईचे रिपोर्ट आले काल. डॉक्टरांची वेळ परवाची मिळालीये आणि तोपर्यंत घरातले सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत कारण मी म्हणे शिकलेला, आता माझं जीवशास्त्र शाळेतच संपलं हे यांना कोण सांगणार.

तर टीएसएच आलाय ९.८, बाजूला लिहिलंय ०.४ ते ४, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. फ्री टी४ आलाय ०.९, त्याची रेंज ०.८ ते १.८, म्हणजे बसतोय कसाबसा. हिमोग्लोबिन १०.६. एमसीव्ही म्हणून काहीतरी आहे ते ७२, त्याच्यापुढे लाल बाण खाली. पांढऱ्या पेशी ७,२०० आणि प्लेटलेट्स ३,४०,०००, त्यांच्यापुढे बाण नाही म्हणून मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगून टाकलं की आईचा थायरॉईड वाढलाय. तर मावशीचा फोन, की अरे वेड्या टीएसएच वाढला म्हणजे थायरॉईड कमी असतो. आता वाढला म्हणजे कमी हे कुठल्या जगात होतं? मावशी बरोबर आहे का? आणि हिमोग्लोबिन कमी आहे त्याचा ह्याच्याशी काही संबंध की दोन वेगळी दुखणी? शिवाय आईचा वेगळाच राग आहे, की आधीच रक्त कमी आणि त्यात तीन नळ्या भरून काढून घेतलं, म्हणून अजून कमी झालं असणार. तिला काय सांगू?

औषध कोणी सुचवू नका, ते डॉक्टर बघतील. मला फक्त रिपोर्ट वाचता यायला हवाय.

सकाळची_गोळी

मावशी बरोबर आहे, तू चूक. वाईट वाटून घेऊ नको, मीही बारा वर्षांपूर्वी हेच करून अख्ख्या घराला घाबरवलं होतं.

टीएसएच हे थायरॉईडचं हार्मोन नाहीच मुळी. ते येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरीमधून (आपल्या पुस्तकात पीयूषिका म्हणायचे बघ, वाटाण्याएवढी ग्रंथी). थायरॉईड बसलाय गळ्यात, पुढच्या बाजूला, फुलपाखरासारखा. पिट्यूटरी हा मुकादम समज आणि थायरॉईड हा कामगार. टीएसएच म्हणजे मुकादमाचा आवाज. माल वेळेवर येत असेल तर मुकादम हळू आवाजात बोलतो. माल कमी पडायला लागला की त्याचा आवाज चढतो. तुझ्या रिपोर्टमधे आवाज चढलाय, म्हणजे माल कमी पडतोय किंवा पडायला लागलाय. खरा माल म्हणजे टी४ आणि टी३.

आणि आईचा टी४ अजून रेंजमधे आहे ना, म्हणजे कामगार ओरडा खाऊन खाऊन कसंबसं भागवतोय. डॉक्टर याला सबक्लिनिकल म्हणतात. बऱ्याचदा लगेच गोळी न देता दोन-तीन महिन्यांनी परत तपासायला सांगतात, वय किती, त्रास काय होतोय, थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी (शरीराची संरक्षक प्रथिनं, इथे स्वतःच्याच थायरॉईडवर उठलेली) आहेत का हे बघून ठरवतात. त्यामुळे आत्तापासून "आयुष्यभराची गोळी लागली" म्हणून रडारड नको.

थायरॉईड खरंच जास्त झाला तर उलटं, मुकादम एकदम चिडीचूप, टीएसएच ०.०१ वगैरे.

निवांत

म्हणजे ऑफिसमधे ओरडाआरडा ऐकू आला की समजायचं खाली काम होत नाहीये. माझ्या साहेबांचा टीएसएच कायम ४० असतो.

मायक्रोस्कोपवाला

मी लॅबमधे काम करतो, नळ्यांचं मी सांगतो कारण हा प्रश्न रोज किमान दहा जण विचारतात, बाकीचे नव्वद मनात विचारतात.

तीन नळ्या मिळून साधारण आठ-दहा मिली रक्त होतं. मोठ्या माणसाच्या अंगात ५ लिटरच्या आसपास रक्त असतं, वजनाच्या सात-आठ टक्के. म्हणजे आईंचं गेलं पाचशेतला एक भाग. आणि हाडांच्या मगजात दर सेकंदाला वीस लाखांपेक्षा जास्त नव्या लाल पेशी तयार होतात, हो सेकंदाला, मी चुकून मिनिटाच्या जागी सेकंद लिहिलेलं नाही. दहा मिली रक्तात जेवढ्या लाल पेशी गेल्या तेवढ्या तयार व्हायला मगजाला पाच-सहा तास लागतात. त्यांना सांगा, आपण रक्त घेतलं तेव्हा सकाळ होती, दुपारपर्यंत तेवढ्या पेशींचं काम उरकलं होतं.

तीन नळ्या का, तर तीन कामं वेगळी. जांभळ्या टोपीच्या नळीत ईडीटीए असतं, ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही, त्यात पेशी मोजायच्या, म्हणजे तुमचा सीबीसी. लाल नाहीतर पिवळ्या टोपीच्या नळीत मुद्दाम गोठू द्यायचं, मग मशीनमधे गरगर फिरवायचं, वर जे पिवळसर पाणी येतं ते सीरम, टीएसएच त्यातून. करड्या टोपीत फ्लोराईड असतं, ती साखरेसाठी, कारण नळीत आल्यावरही पेशी जिवंतच असतात आणि नुसत्या ठेवलेल्या नळीतली साखर त्या खात बसतात, तासाला पाच-सात टक्के कमी होते. फ्लोराईड त्यांचं खाणं थांबवतं.

लगे हाथ सांगतो, सीरम आणि प्लाझ्मा एक नव्हे. न गोठवता पेशी खाली बसवल्या की वर राहतो तो प्लाझ्मा, म्हणजे रक्तद्रव, निम्म्याहून थोडा जास्त भाग तोच असतो आणि त्यात नव्वद टक्के पाणी. गोठून झाल्यावर उरतं ते सीरम, त्यात फायब्रिनोजेन नसतं कारण ते गुठळी बनवण्यात खर्च झालेलं असतं. हा फरक लॅबमधे नवीन आलेली पोरंसुद्धा पहिले सहा महिने चुकवतात.

आता एमसीव्ही. एका लाल पेशीचा सरासरी आकार. ८० ते १०० असायला हवा, आईंचा ७२, म्हणजे पेशी बारक्या. पेशी बारक्या आणि हिमोग्लोबिन कमी हे बघितलं की पहिला संशय लोहाचा, कारण हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू लागतात, लोह नसेल तर कारखाना अर्धवट भरलेल्या पिशव्या बाहेर पाठवतो. थायरॉईड कमी असल्यामुळे जो अॅनिमिया होतो त्यात पेशी बहुतेक वेळा नेहमीच्या आकाराच्या नाहीतर जरा मोठ्या असतात. म्हणून फक्त थायरॉईडवर ढकलू नका. थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष, सौम्य प्रकार) यातही पेशी बारक्याच दिसतात. डॉक्टर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) सांगतील असं वाटतं, नाही सांगितलं तर तुम्ही विचारा.

गोंधळ_माजलाय

दादा, पाच-सहा तासांचा हिशोब आईला वाचून दाखवला. म्हणाली "मग कमी कसं आहे रे?" आता ह्यावर काय बोलणार.

सकाळची_गोळी ताई, मुकादम एकदम डोक्यात बसला. पण मग दुसरा किडा वळवळायला लागलाय. हा मुकादम बसलाय मेंदूखाली, कामगार गळ्यात. मुकादमाचा आवाज जातो रक्तातून. रक्त तर काय सगळीकडे जातं, पायाच्या अंगठ्यापर्यंत जातं. मग टीएसएचला कसं कळतं की गळ्याशी थांबायचंय? आणि अंगठा का नाही ऐकत?

मास्तरीणबाई

अरे वा, हा प्रश्न वर्गात कुणी विचारला की मी त्या दिवशी खूष असते.

उत्तर असं की टीएसएचला काहीच कळत नाही. ते गळ्याशी थांबतही नाही. हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं आणि अंगात आहेच मुळात तेवढं, म्हणजे मिनिटाभरात हार्मोन अंगभर फिरून येतं, अंगठ्यालासुद्धा शिवून येतं. फरक ऐकणाऱ्यात आहे. टोकन घेऊन बसलेली गर्दी डोळ्यासमोर आण. भोंग्यावर "४७ नंबर" म्हटलं की ऐकू सगळ्यांना येतं पण उठतो एकच. पेशींच्या अंगावर नाहीतर पोटात ग्राहक प्रथिनं असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना, ते म्हणजे हातातलं टोकन. टीएसएचचं टोकन मुख्यतः थायरॉईडच्या पेशींकडे.

गंमत पुढे आहे. एकच नंबर पुकारल्यावर दोघं उठले तरी दोघं एकच काम करतील असं नाही. अॅड्रिनलीन घे, मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या आतल्या भागातून येतं. तेच हार्मोन हृदयाला म्हणतं पळ, श्वासनलिकांना म्हणतं सैल व्हा, आणि त्वचेतल्या रक्तवाहिन्यांना म्हणतं आवळा, म्हणून घाबरल्यावर छाती धडधडते आणि चेहरा पांढरा पडतो. निरोप एकच, टोकनाचा प्रकार वेगळा.

आणि वेग का वेगळा ते पण बघ. अॅड्रिनलीन, इन्सुलिन ही पेशीच्या दाराबाहेरच उभी राहून बेल वाजवतात, काम सेकंदा-मिनिटांत. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन आणि थायरॉईडची हार्मोन्स पेशीच्या आत शिरतात आणि थेट केंद्रकातल्या जनुकांशी बोलतात, कुठलं प्रथिन बनवायचं कुठलं थांबवायचं ते. त्याला तास, दिवस, थायरॉईडच्या बाबतीत आठवडेही जातात. म्हणून थायरॉईड कमी झालेला माणूस एका सकाळी आजारी पडत नाही, हळूहळू मंदावतो आणि घरच्यांना वाटतं आळस वाढलाय.

हे सगळं रक्तातूनच जातं हे कसं कळलं, त्याची गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगतेच. १८४९ साली जर्मनीत बर्टहोल्ड नावाच्या माणसाने कोंबडे घेतले. वृषण काढले की कोंबड्याचा तुरा लहान होतो, आरवणं जातं, भांडणं जातं, हे लोकांना आधीपासून माहीत होतं. ह्याने काय केलं, काढलेला वृषण परत कोंबड्याच्या पोटात ठेवून दिला, भलत्याच जागी. जुन्या नसा, म्हणजे मज्जातंतू, तर तुटलेले. पण तिथे नव्या रक्तवाहिन्या आल्या आणि कोंबडा परत झोकात आरवायला लागला! मग निरोप मज्जातंतूंतून जात नाही, रक्तातून जातो, दुसरा रस्ताच नाही. एवढं भारी काम आणि पन्नासेक वर्षं कुणी त्याकडे नीट बघितलं नाही. १९०२ मधे बेलिस आणि स्टार्लिंग यांनी आतड्यातून स्वादुपिंडाला रक्तातून जाणारा निरोप शोधला, सिक्रेटिन, आणि १९०५ मधे स्टार्लिंगने हार्मोन हा शब्द वापरात आणला. मराठीत आपण संप्रेरक म्हणतो, प्रेरणा देणारं, मला तर मूळ शब्दापेक्षा हाच जास्त आवडतो.

एक तक्रार मात्र नोंदवते. पुस्तकात पिट्यूटरीला सगळ्या ग्रंथींची राणी म्हणतात. तिच्यावर हायपोथॅलॅमस (मेंदूचाच एक भाग) बसलाय, तो तिला हुकूम सोडतो. आणि तिचे पुढचे-मागचे असे दोन भाग, त्यातल्या मागच्या भागातली दोन्ही हार्मोन्स, ऑक्सिटोसिन आणि लघवीचं प्रमाण सांभाळणारं एडीएच, तयारही तिथे होत नाहीत, हायपोथॅलॅमसमधे होतात आणि इथे नुसती साठवतात. शिवाय थायरॉईडच्या पाठीला चिकटलेल्या चार बारक्या पॅराथायरॉईड आहेत, त्या रक्तातलं कॅल्शियम स्वतः चाखून स्वतःच ठरवतात. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीही साखर स्वतःच मोजतात. कसली आलीये राणी.

निवांत

बाई, तुमच्या वर्गात असतो तर पास झालो असतो. माझा पण एक प्रश्न घ्या, शिरांमधलं रक्त निळं असतं आणि हवा लागली की लाल होतं ना?

मायक्रोस्कोपवाला

नाही हो. मी दिवसभर शिरेतूनच काढतो, नळीत हवा लागायच्या आधीपासून लालच असतं, जरा काळपट मरून. बाहेरून निळसर दिसते ती त्वचेतून प्रकाश जसा परत येतो त्याची करामत. आणि शिरेतलं रक्त रिकामं पण नसतं, आराम करत असलेल्या माणसाच्या शिरेतल्या रक्तात तीन-चतुर्थांशाच्या आसपास ऑक्सिजन शिल्लक असतो.

मास्तरीणबाईंच्या टोकनात माझी एक भर. हार्मोन रक्तात किती कमी असतं याचा अंदाज यावा म्हणून. उपाशीपोटी साखर ९० आली असं आपण म्हणतो, ते ९० मिलीग्रॅम प्रति डेसिलीटर. अख्ख्या ५ लिटर रक्तात मिळून साखर होते साडेचार ग्रॅम, एक चमचा. आणि हा एवढासा चमचा सांभाळायला इन्सुलिन, ग्लुकागॉन, कॉर्टिसॉल, अॅड्रिनलीन सगळी फौज. आता ह्याच्या आईंचा फ्री टी४ बघा, ०.९, पण एकक नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर. म्हणजे त्याच रक्तात फ्री टी४ पेक्षा साखर वजनाने दहा कोटीपट.

म्हणून तर हार्मोन मोजणं कित्येक वर्षं जमतच नव्हतं. इन्सुलिन सापडलं १९२१ मधे, जानेवारी १९२२ मधे टोरांटोत चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा टोचलं, पण रक्तात इन्सुलिन नक्की किती आहे हे नीट मोजता यायला १९५० चं दशक संपत आलं. रोझॅलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी इन्सुलिन आणि अँटीबॉडी वापरून ते जमवलं. इन्सुलिनविरुद्ध शरीरात अँटीबॉडी तयार होतात हा त्यांचा पहिला पेपर आधी साभार परत आला होता, आणि यॅलोबाईंनी ते नकाराचं पत्र जपून ठेवलं आणि १९७७ मधे नोबेल मिळालं तेव्हाच्या भाषणात छापून दाखवलं! बर्सन तोवर वारले होते. आज आम्ही ज्या मशीनमधे टीएसएच टाकतो त्यात किरणोत्सार नसतो, पण अँटीबॉडीने पकडायची युक्ती तीच.

सकाळची_गोळी

मुकादमाचं एक राहिलं. मुकादम फार हळवा आहे. टी४ निम्म्यावर आला तर टीएसएच शंभरपटीच्या घरात जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर आधी त्याचाच आकडा बघतात, टी४ रेंजमधे दिसत असतानाही मुकादमाला कळलेलं असतं. पण क्वचित मुकादमच आजारी असतो, म्हणजे पिट्यूटरीतच बिघाड, तेव्हा टी४ कमी आणि टीएसएच कमी नाहीतर अगदी साधा दिसतो. तिथे नुसता टीएसएच बघणारा फसतो. तुझ्या आईचं तसं नाहीये.

आणि पुढे गोळी लागलीच तर दोन गोष्टी, माझ्या चुका म्हणून सांगते. एक, दर आठवड्याला तपासायला पळू नको. टी४ चं अर्धायुष्य सात दिवसांचं, म्हणजे आज घेतलेल्यातलं निम्मं आठवड्यानेही रक्तात असतं. नवीन डोस स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातातच, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करतात. मी दहाव्या दिवशी करून आले आणि डॉक्टर नुसतेच माझ्याकडे बघत राहिले. दोन, लोहाची गोळी आणि थायरॉईडची गोळी एकत्र घ्यायची नाही, लोह तिला पोटातच धरून ठेवतं, चार तासांचं अंतर लागतं. कॅल्शियमचंही तेच. मी वर्षभर दोन्ही एकाच घोटात घेत होते आणि टीएसएच का उतरत नाही म्हणून डोस वाढत होता.

आणि हो, तू विचारलं होतंस दोन वेगळी दुखणी का. असतील किंवा नसतीलही. थायरॉईड कमी असला की काही जणींना पाळीत जास्त रक्त जातं, त्याने लोह कमी होतं. आईची पाळी अजून चालू असेल तर हे डॉक्टरांना सांगायला तिला सांग, मुलाने विचारलं तर सांगणार नाही ती.

गोंधळ_माजलाय

ताई, बहिणीला विचारायला लावलं. बरोबर ओळखलंत. वर्षभर चाललंय, कुणाला बोलली नव्हती. परवा डॉक्टरांना सांगायचं ठरलंय, बहीण बरोबर जातेय.

अजून एक. औषधांची पिशवी काढून बसलो तर त्यात केसांसाठीच्या गोळ्यांची बाटली निघाली, तीन महिने घेतेय म्हणे. मागे बारीक अक्षरात बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) १० मिलीग्रॅम लिहिलंय. याचा काही संबंध येतो का की उगाच मला आता सगळीकडे थायरॉईड दिसायला लागलाय?

मायक्रोस्कोपवाला

येतो! बरं झालं बघितलंत. बऱ्याच मशीनमधे ती अँटीबॉडीची पकडापकडी बायोटिनच्याच मदतीने होते, त्यामुळे रक्तात बायोटिन भरपूर असलं की मशीन गंडतं. टीएसएच खोटा कमी येतो आणि फ्री टी४ खोटा जास्त. सगळ्या मशीनना होत नाही, पण आपल्या लॅबची कुठली आहे ते तुम्हाला माहीत नसणार. आईंच्या बाबतीत म्हणजे ९.८ हा आकडा फसवा असलाच तर खरा त्याहून जास्तच असेल, कमी नाही. बाटली डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि पुढच्या तपासणीआधी निदान दोन दिवस ती गोळी बंद. लॅबमधे रक्त देतानाही सांगा, आमच्यातले सगळे विचारत नाहीत.

गोंधळ_माजलाय

सांगितलं आईला. बंद करणार नाही म्हणते, केस मूठमूठ गळतायत म्हणे.

सकाळची_गोळी

अरे देवा. केस गळण्याची दोन नेहमीची कारणं कुठली माहितीये का तुला? थायरॉईड कमी आणि लोह कमी. हे वाचून दाखव तिला, मावशीसमोर.